लहान धर्मादाय न्यासाचे विलंबित आयकर विवरणपत्र

वाचनालय, देवस्थान, वसतिगृह किंवा शिष्यवृत्ती निधी चालवणाऱ्या नोंदणीकृत न्यासाने ठरलेल्या मुदतीनंतर भरलेले आयकर विवरणपत्र, आणि त्यातून उभे राहणारे कर, दंड व विलंबमाफीचे प्रश्न. आयकर कायदा, १९६१ च्या कलम ११ व १२ नुसार धर्मादाय न्यासाला करसूट मिळते. मात्र सूट वजा करण्यापूर्वीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेले की विवरणपत्र भरावेच लागते. ‘आपल्याला कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला?’ हा समज लहान न्यासांत फार खोलवर रुजलेला आहे आणि बहुतेक नुकसान त्यातूनच होते.

महाराष्ट्रात गोंधळाला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यासाचे हिशेब वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत तपासून धर्मादाय आयुक्त कार्यालयात द्यावे लागतात. आयकराचा लेखापरीक्षण अहवालही सर्वसाधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंतच अपेक्षित असतो. तारीख तीच आणि बहुधा सी.ए.ही तोच, त्यामुळे एकीकडे ऑडिट दिले की काम झाले असे विश्वस्तांना वाटते. प्रत्यक्षात ही दोन स्वतंत्र खाती आहेत.

लेखापरीक्षण लागणाऱ्या न्यासाला आयटीआर-७ हे विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असते. वार्षिक उत्पन्न ५ कोटींच्या आत असून परदेशी देणगी वा देशाबाहेरचा खर्च नसेल, तर अहवाल फॉर्म १०बीबीमध्ये जातो. एरवी फॉर्म १०बीमध्ये. इथे एक बारीक पायरी चुकते. सी.ए.ने अहवाल आयकर पोर्टलवर चढवला, तरी न्यासाने आपल्या खात्यात लॉगिन करून, ‘वर्कलिस्ट’मध्ये (प्रलंबित कामांच्या यादीत) जाऊन तो स्वीकारल्याशिवाय दाखल झाला असे धरत नाहीत. अनेक संस्थांत पोर्टलवर दिवंगत अध्यक्षांचेच नाव व मोबाइल क्रमांक असतो, नव्या विश्वस्तांची नावे नोंदवण्याचा फेरफार अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असतो, आणि ओटीपी कोणाकडेच येत नाही. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी झाली नाही, तर पडताळणीचा दिवस हाच भरल्याचा दिवस मानला जातो.

मुदत हुकली तरी निर्धारण वर्षातील (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षातील) ३१ डिसेंबरपर्यंत कलम १३९(४) खाली विवरणपत्र भरता येते. वित्त अधिनियम, २०२३ नंतर अशा विवरणपत्रावरही कलम ११ ची सूट मिळते, आणि लहान न्यासांसाठी ही फार मोलाची सोय आहे. विलंब शुल्क ५,००० रुपये, एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये. शिवाय कलम २७२ए खाली दिवसाला ५०० रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपेक्षा कमी खर्च झाला असेल आणि उरलेली रक्कम फॉर्म १० भरून पुढील पाच वर्षांसाठी राखून ठेवायची असेल, तर मूळ मुदत पाळावीच लागते. उशिराच्या विवरणपत्राला ती सवलत नाही.

३१ डिसेंबरही उलटला की प्रकरण गंभीर होते. त्यानंतर भरता येणाऱ्या ‘अद्ययावत विवरणपत्रात’ (अपडेटेड रिटर्न) ही सूट मागता येत नाही. सूट गेल्यावर चालू स्वरूपाचा खर्च काही अटींवर वजा होतो, भांडवली खर्च होत नाही. समजा, १२ लाखांच्या देणग्यांपैकी ४ लाख पगार-वीजबिलावर आणि ८ लाख सभागृहाच्या बांधकामावर गेले. तिजोरीत दमडी शिल्लक नसताना न्यासाला ८ लाखांच्या ‘उत्पन्नावर’ कराची मागणी येते. चूक कागदाची आणि शिक्षा मात्र सभागृहाला, हे प्रमाण अन्यायकारक आहे.

त्यावर उपाय कलम ११९(२)(ब) मधील विलंबमाफीचा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १८ नोव्हेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार फॉर्म ९ए (न झालेला खर्च पुढे करण्याचा पर्याय), १०, १०बी व १०बीबी यांचा ३६५ दिवसांपर्यंतचा उशीर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त माफ करू शकतात, त्याहून अधिक असल्यास मुख्य आयुक्त. निर्धारण वर्ष संपून तीन वर्षे झाल्यावर अर्ज घेतला जात नाही. अर्जात उशिराचे खरे कारण तारखांसह आणि पुराव्यासह लिहावे: खजिनदाराच्या आजारपणाची रुग्णालयीन कागदपत्रे, विश्वस्ताचा मृत्यू दाखला, फेरफार अर्जाची पोच, सभेचा ठराव. ‘कायद्याची माहिती नव्हती’ एवढ्यावर अर्ज टिकणे कठीण. अहवाल केवळ उशिरा आला म्हणून सूट नाकारू नये, अशी भूमिका गुजरात उच्च न्यायालयाने सर्वोदय चॅरिटेबल ट्रस्टच्या प्रकरणात घेतली. अपिलात तिचा आधार घेता येतो. मागणीच्या सूचनेविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवसांची असल्याने माफीच्या निकालाची वाट पाहत ती घालवू नये.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आधीच्या वर्षांची थकलेली विवरणपत्रे मात्र १९६१ च्या कायद्यानुसारच हाताळली जातात.