किल्ली उघडी ते किल्ली दडवलेली

स्पर्धा परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत ‘सांकेतिक भाषा’ हमखास असते. ‘कॅट’ म्हणजे २४, तर ‘डॉग’ म्हणजे किती? सी ३, ए १, टी २०, बेरीज २४. त्याच हिशेबाने डी ४, ओ १५, जी ७, उत्तर २६. क्लासवाले यासाठी ‘इजोटी’ घोकून घेतात: ई ५, जे १०, ओ १५, टी २०, वाय २५. मधली अक्षरं बोटांवर मोजायची.

अक्षराला आकडा बांधण्याची रीत मात्र आपल्याकडे फार जुनी. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास क ते म या व्यंजनांना १ ते २५ किमती दिल्या, य ला ३०, आणि स्थान दाखवायचं काम स्वरांवर सोपवलं. ‘ख्युघृ’ म्हणजे ४३,२०,०००, एका युगातली सूर्याची भ्रमणं. ख २ नि य ३० मिळून ३२, उकाराने दहा हजारपट. घ ४, ऋकाराने दहा लाखपट. हिशेब चोख, पण म्हणताना जिभेची परीक्षा!

केरळात रुजलेल्या ‘कटपयादी’ पद्धतीने त्यातून सुटका केली. क, ट, प, य या चौघांचीही किंमत १. एका अंकाला अनेक अक्षरं मिळाल्यामुळे अर्थाचे शब्द जुळवता येऊ लागले. सुट्या स्वराला शून्य, जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन धरायचं, अंत्य हलन्त सोडायचं आणि आकडे उलटे वाचायचे. ‘नारायणीयम्’ या संस्कृत स्तोत्रकाव्याचा शेवट ‘आयुरारोग्यसौख्यम्’ असा आहे. त्यातून ०१२२१७१ मिळतात. उलटे केले की १७,१२,२१०. हे कलियुग सुरू झाल्यापासून लोटलेले दिवस, म्हणजे ग्रंथ पुरा झाला ते इ.स. १५८६. कर्नाटक संगीतातही हेच: ‘धीरशंकराभरण’ रागाच्या नावातला धी ९, र २, म्हणून मेळकर्ता (मूळ रागांच्या यादीतला क्रमांक) २९वा.

या साऱ्यात किल्ली सर्वांना ठाऊक असे. हेतू पाठांतराचा होता, लपवाछपवीचा नव्हे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जणांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. त्यांतल्या निरक्षरांसाठीच्या ‘बीटा’ चाचणीत अंकांखाली चिन्हं भरायची होती. तिथेही किल्ली वरच छापलेली. कस लागे तो वेगाचा. किल्लीच हुडकायला लावणारं गाजलेलं कोडं इंग्लंडच्या हेन्री डुडनी यांचं, १९२४ सालचं: ‘सेंड’ अधिक ‘मोअर’ बरोबर ‘मनी’, प्रत्येक इंग्रजी अक्षराआड एक वेगळा अंक. उत्तर ९५६७ + १०८५ = १०६५२, आणि ते एकच.

आपल्या परीक्षांतल्या कोड्यांना तेवढी शिस्त नसते. ‘कॅट’चे २४ हे तीन अक्षरं गुणिले आठ असेही होतात, मग ‘डॉग’सुद्धा २४च. पर्यायांत २४ छापलेला नसला, की वाद मिटतो.