शेजाऱ्याला समजावून सांगताना

एक अवजड ट्रक आणि एक छोटी कार समोरासमोर धडकतात. कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेले विद्यार्थीही पटकन ‘ट्रक’ म्हणतात. खरं तर दोन्ही बलं सारखीच असतात. कारचे हाल जास्त होतात, कारण वस्तुमान कमी असल्यामुळे तेवढ्याच बलाने तिचा वेग कितीतरी अधिक बदलतो.

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी असे साधे प्रश्न आपल्या वर्गाला दिले, तेव्हा अवघड गणितं सोडवणारी मुलंही अडली. एका विद्यार्थिनीने तर विचारलं, तुम्ही शिकवलंत तसं उत्तर लिहू, की मला वाटतं तसं? व्याख्यान छान रंगत होतं, पण मुलांच्या मनातल्या जुन्या समजुतींना धक्काही लागत नव्हता.

१९९१पासून माझुर यांनी पद्धत बदलली. थोडं शिकवायचं, मग पर्यायांचा एक प्रश्न टाकायचा. आधी प्रत्येकाने गप्प बसून स्वतःचं उत्तर ठरवायचं आणि नोंदवायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मतदान. मला यातली ती सुरुवातीची शांतता सगळ्यात मोलाची वाटते. एकदा उत्तर देऊन बसलं, की ते का चुकलं हे जाणून घ्यायची ओढ लागते. शिवाय ज्याला गोष्ट नुकतीच उमगली, त्याला आपण कुठे अडलो होतो हे ताजं आठवतं. तीस वर्षं शिकवणाऱ्याला ते आठवणं कठीण.

पण मुलं शेजारच्या हुशाराचं उत्तर नुसतं उचलत असतील तर? शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी जनुकशास्त्राच्या सुमारे ३५० विद्यार्थ्यांच्या वर्गात ती तपासली. चर्चेनंतर बरोबर उत्तर न सांगताच त्यांनी त्याच तत्त्वावरचा, पण वेगळ्या रूपातला दुसरा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला. मुलांनी तोही पहिल्यापेक्षा चांगला सोडवला. सुरुवातीला गटात कुणालाच उत्तर येत नसावं, अशा ठिकाणीही चर्चेने समज वाढल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं.

२०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या अभ्यासक्रमांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. वर्ग मोठा असला तरी फायदा टिकला, लहान वर्गात तो अधिक होता.

तरीही मुलं कुरकुरतात. हार्वर्डमध्येच २०१९ साली दिसलं, की अशा तासाला विद्यार्थी जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. डोक्याला ताण पडला की शिकणं अडखळतंय असं भासतं, उलट सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलांना हे मोकळेपणाने सांगून टाकावं.

आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या वर्गात शंभराहून जास्त मुलं असणं नवं नाही. त्यासाठी मतदानाची यंत्रंच हवीत असं नाही. कॅनडातल्या एका कॉलेजात यंत्रं आणि कागदी कार्डं यांची तुलना झाली, तेव्हा मुलांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. खरी मेहनत प्रश्न रचण्यात आहे. चुकीचे पर्याय मनाने बनवू नयेत, गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांतून मुलांच्या खऱ्या चुका वेचून घ्याव्यात.