देवळाच्या भिंतीतला मोर आणि इगर्जीतला सोन्याचा वर्ख: गोव्यातल्या रंगकामाची पार्श्वभूमी

आमच्या गावच्या देवळात मागच्या वर्षी जत्रेआधी रंगकाम काढलं होतं. सभामंडपात एका कोपऱ्यात भिंतीचा ऑइल पेंट फुगून आलेला, पावसाळ्यानंतर तो दरवर्षीच फुगतो, तर रंगाऱ्याने पत्री घेऊन खरवडायला सुरुवात केली. वरचा क्रीम गेला, खाली पोपटी, त्याच्या खाली गुलाबी, मग चुन्याचे चार-पाच पापुद्रे, आणि मग एकदम लाल रेघ. आणखी थोडं सोललं तर मोराची मान दिसली, डोळ्यासकट. शिडीवरून तो ओरडला, "अरे, हांगा कितें तरी आसा मरे!" म्हणजे इथे काहीतरी आहे रे. खाली देवळाचा कारभार बघणारी महाजन मंडळी चहा पीत होती, सगळे उठून आले, मोबाईलवर फोटो काढले, पाच-दहा मिनिटं कौतुक झालं आणि मग कुणीतरी विचारलं, की पुट्टी कधी लावताय, जत्रा पंधरा दिवसांवर आली.

तो मोर म्हणजे कावी काम. आपल्याकडे काव म्हणजे लाल माती, तिच्यावरून हे नाव. कोकणात, गोव्यात आणि खाली कारवार-कुमटा-भटकळच्या पट्ट्यात देवळांच्या भिंतींवर हे काम व्हायचं. लांबून बघणाऱ्याला वाटतं की पांढऱ्या भिंतीवर लाल रंगाने चित्र काढलंय, पण ब्रशचा त्यात फारसा संबंधच नाही. समुद्रातले शिंपले भट्टीत भाजून चुना करायचा, तो विझवायचा, वाळू आणि गूळ घालून कालवून काही दिवस मुरत ठेवायचा आणि मग कुटून कुटून लोण्यासारखा करायचा. हा गिलावा भिंतीवर चढला की तो ओला असतानाच वर कावेचा लाल हात द्यायचा, आणि ओल आहे तोवर लोखंडी अणकुचीदार हत्याराने रेघा कोरायच्या, नको असलेली लाल खरवडून टाकायची म्हणजे खालचा पांढरा दिसतो. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी आणायची. भिंत सुकली की खेळ संपला, चूक दुरुस्त करायची सोय नाही, त्यामुळे दिवसभरात पुरं होईल एवढाच तुकडा हातात घ्यायचा. रंग चुन्यातच बसलेला असल्यामुळे हे काम पावसाळ्यामागून पावसाळे टिकतं. मोरजीला मोरजाईच्या देवळात आजही बघायला मिळतं, पेडण्याकडे कधी गेलात तर बीचवर जायच्या आधी अर्धा तास तिथे काढा.

आता प्रश्न असा, की एवढं चांगलं काम पेंटखाली गाडलं कुणी? तर आपणच. पण ती गोष्ट पुढे, त्याआधी जरा मागे जावं लागेल.

तिसवाडीतली देवळं पोर्तुगीजांनी 1540 च्या सुमाराला पाडली, साष्टीतली 1567 नंतर. देव नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे आले, कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आपल्याला हा इतिहास मूर्ती आणि पालख्यांच्या गोष्टींतून माहीत असतो, पण मूर्ती उचलून नेता येते, भिंत नाही नेता येत. त्यामुळे त्या मूळ देवळांच्या आत जे काही रंगवलेलं-कोरलेलं असेल ते सगळं तिथेच मातीत गेलं. फोंड्याकडची देवळं आज आपण जुनी जुनी म्हणतो ती बहुतेक अठराव्या शतकातली किंवा नंतर वाढवलेली. कवळेच्या शांतादुर्गेचं देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांनी पुढाकार घेऊन बांधलं, ते 1738 मध्ये पुरं झालं. घुमट, अर्धगोल कमानी, खिडक्या बघा, नदीपलीकडच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, छाप सरळ दिसते. सनातनी मंडळींना हे सांगितलं की ती जरा गप्प होतात.

आणि उलटा प्रवासही झालाच. जुन्या गोव्यात इगर्ज्या उभ्या राहत होत्या तेव्हा सुतार, चितारी, सोनार आणायचे कुठून? पोर्तुगालहून येणारी जहाजं वर्षातून एकदाच यायची. सोळाव्या शतकात हिंदू चित्रकारांनी ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रं करू नयेत अशी बंदी आली, पुन्हा पुन्हा आली. जी गोष्ट दर थोड्या वर्षांनी बंद करावी लागते ती कधी बंद झालेलीच नसते, हे कळायला इतिहासकार कशाला पाहिजे. गोव्यातल्या इगर्ज्यांच्या लाकडी प्रवचनपीठांखाली कमरेपासून खाली वळणावळणाच्या शेपट्या असलेल्या बायका कोरलेल्या दिसतात, त्या आपल्या नागिणीच आहेत.

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या इगर्जीत जाऊन उभे राहा. पर्यटक समोरच्या बॉम जेझू इगर्जीला रांग लावतात आणि इथे पाच मिनिटांत बाहेर पडतात, फार वाईट वाटतं. मूळ इगर्ज 1521 ची, आत्ताची 1661 ची, पण दरवाजाची काळ्या दगडाची चौकट पहिल्या इमारतीतली आहे, ती तेवढी ठेवून दिली. आत छताला, कमानींना, भिंतींना वेलबुट्टी रंगवलेली, मुख्य आल्ताराच्या, म्हणजे वेदीच्या, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर संत फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग. ती वेलबुट्टी बघताना मला तरी आपल्या चितारी लोकांचे पाट आणि पाळणे आठवतात. पायाखाली जुन्या थडग्यांच्या शिळा आहेत तेव्हा वर बघत चालताना जपून.

सोनेरी आल्तार कसा करतात ते माहीत असलं की तो बिघडतो कसा तेही कळतं. सागवान कोरून झालं की त्यावर सरस आणि पांढऱ्या खडूच्या पुडीचे बरेच हात द्यायचे, घासून गुळगुळीत करायचे, मग बारीक लाल मातीचा हात, मग जरा ओल देऊन सोन्याचा वर्ख बसवायचा आणि अकीकाने घोटायचा. लाल मातीमुळे सोन्याला ऊब येते. पण हे सगळं पाण्यावर आणि सरसावर उभं असतं, म्हणजे फेस्ताच्या (इगर्जीच्या जत्रेच्या) आदल्या दिवशी कुणी भाविकाने प्रेमाने ओलं फडकं घेऊन आल्तार पुसायला घेतला की दोनशे-तीनशे वर्षांचा वर्ख फडक्यावर येतो. मग लाल माती उघडी पडते, ती बरी दिसत नाही म्हणून बाजारातला डब्यातला सोनेरी पेंट लावतात, आणि तो असतो पितळेच्या पुडीचा, थोड्या वर्षांत काळपट-हिरवा पडतो, मग त्याच्यावर पुन्हा नवा. असे थर चढत गेलेला आल्तार साफ करायचा म्हणजे सुरीच्या टोकाने आणि कापसाच्या बोळ्याने इंच इंच पुढे सरकायचं काम. आधी जिथे पोपडे सुटलेत तिथे पातळ टिश्यू कागद चिकटवून ते धरून ठेवायचे, नाहीतर श्वासाने उडतात. वाळवी, वटवाघळांची घाण, मेणबत्त्यांची काजळी, गळकी कौलं हे तर वेगळंच, आणि तज्ज्ञ पहिल्यांदा बघतात ते छप्पर. पाणी थांबल्याशिवाय रंगाला हात लावायचा नसतो.

1834-35 मध्ये पोर्तुगीज सरकारनेच धर्मसंघ बंद केले आणि जुन्या गोव्यातले मठ रिकामे पडले. हा घाव फार मोठा होता, पण आपल्याकडे त्याची चर्चाच नाही, कारण यात ना मराठे ना आदिलशहा, म्हणजे भांडायला कुणी नाही. ऑगस्टिनियनांच्या प्रचंड इगर्जीचं छत 1842 मध्ये कोसळलं आणि तिथली घंटा पुढे 1871 मध्ये पणजीच्या इगर्जीत चढली. राजधानीही 1843 मध्ये पणजीला गेली. सांता मोनिका मठातल्या नन्सना मात्र शेवटचं माणूस असेपर्यंत राहू दिलं, शेवटची नन 1885 मध्ये गेली. तिथल्या भिंतींवरची चित्रं आजही काही प्रमाणात आहेत, आणि ख्रिस्ती कलेचं म्युझियम राशोलहून 2002 मध्ये तिथेच हलवलं.

मग येतं 1952. ज्याचं शव बॉम जेझूत ठेवलंय त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षं झाली म्हणून शवप्रदर्शन मोठ्या थाटात करायचं होतं, आणि त्या सुमाराला बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज आर्किटेक्टने बॉम जेझूचा बाहेरचा गिलावा काढून टाकायला लावला. जुनी इमारत जुनी दिसली पाहिजे म्हणून! बॉम जेझू 1594 ला सुरू झाली, 1605 मध्ये तिचं अर्पण झालं, आणि एवढी वर्षं ती पांढरीशुभ्र होती, जुने फोटो बघा. आज आपण जो लाल दगडी चेहरा पोस्टकार्डवर बघतो तो सत्तर-पंचाहत्तर वर्षांचाच आहे. कुठल्याही गवंड्याला विचारा, चिरा, म्हणजे जांभा दगड, भोकाभोकाचा असतो, तो पाणी पितो, म्हणून त्याच्या भिंतीला चुन्याचं कातडं लागतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो सगळा त्या उघड्या भिंतीवर आपटतो, चिरा झिजतो आणि ओल आत शिरते, म्हणजे बाहेरचा गिलावा गेला की आतला रंग आणि लाकूड दोन्ही धोक्यात. अलीकडे पुन्हा गिलावा करा अशी मागणी झाली तेव्हा लोकच म्हणाले, की नको, आम्हाला लालच आवडते. सवय लागली की चूकसुद्धा वारसा होते.

1961 मध्ये गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाल्यावर जुन्या गोव्यातल्या मुख्य इमारती पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे गेल्या, 1986 मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या. तोवर जगभर 1964 च्या व्हेनिस सनदेचा नियम रुळला होता, की गेलेला भाग भरायचा तो एकूण चित्रात मिसळला पाहिजे पण जवळून बघणाऱ्याला नवा कुठला आणि जुना कुठला हे कळलंही पाहिजे. हा नियम आपल्या देवस्थान कमिट्यांना सांगून बघा. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे नवं कोरं. आणि खरं सांगायचं तर त्यांचंही अगदी चूक नाही, इगर्जीत किंवा देवळात रोज पूजा-प्रार्थना होते, अर्धा पुसलेला संत किंवा नाक गेलेला गरुड भक्ताला कसा चालेल? म्युझियमचा नियम गाभाऱ्याला तसाच्या तसा लावता येत नाही.

पण जीर्णोद्धाराच्या नावाखाली जे झालं तेही बघायला पाहिजे. खाणींचा पैसा आला, आखातातला आला, मुंबईकर महाजनांचा आला, आणि देवळांत सिमेंट, टाइल, ग्रॅनाइट, ऑइल पेंट सगळं एकदम शिरलं. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट किंवा ऑइल पेंट बसला की ओल आत कोंडते, पाण्याबरोबर क्षार वर येतात, रंगाच्या मागे त्यांचे खडे धरतात आणि ते खडे रंगाला ढकलून फोडतात. हाच तो आमच्या कोपऱ्यातला दरवर्षीचा फुगा. पूर्वी दर वर्षी पावसाळा संपला की चुन्याचा हात मारायचे, थोडी नीळ घालून, स्वस्त आणि सोपं. एकदाच काय ते करून टाकू म्हणून ऑइल पेंट आणला आणि आता तोच दरवर्षी करावा लागतो.

बांदिवड्याला नागेशीच्या देवळात जा, तिथे 1413 चा शिलालेख आहे, पण लोक वर बघत नाहीत, सभामंडपाच्या वर दोन्ही बाजूंना लाकडात कोरून रंगवलेले रामायणातले प्रसंग आणि अष्टदिक्पाल आहेत. झगझगीत रंग आहेत, काहींना ते भडक वाटतात, मला नाही वाटत, निदान लाकूड आणि प्रसंग तरी जागेवर आहेत. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचं तर आणखी वेगळं. दिवाडीहून हललेला देव, 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ पुन्हा उभं केलं, आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याने नूतनीकरण केल्यावर 2023 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं. तिथे निदान देऊळ पाडून नवं बांधायचा विचार कुणी केला नाही.

आमच्या मोराचं काय झालं? कमिटीची बैठक झाली, मी आणि आणखी दोघांनी जरा आवाज चढवला, कुणीतरी म्हणालं की एक्सपर्ट आणायचा म्हणजे खर्च, आणि जत्रा थांबत नाही. शेवटी हातभर चौकोन सोडून बाकी भिंत पुट्टी मारून क्रीम केली. मोराची मान आणि अर्धा पंख तेवढा उघडा आहे. जत्रेच्या आदल्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला आणि पंख्याचा स्विचबोर्ड त्याच्या बरोब्बर शेजारी लावून गेला, वायरची पट्टी चोचीपासून दोन बोटांवरून जाते.