ईटनची लाल काच

रंगीत काचेच्या खिडकीवरचा रंग उन्हाने उडत नाही का, असं परवा एका मित्राने विचारलं. त्याला वाटत होतं, साध्या काचेवर कोणीतरी ब्रशने चित्र काढतं. असं वाटणारे बरेच जण असतील, म्हणून हा लेख.

उदाहरणादाखल एक खिडकी घेऊ. इंग्लंडमधलं ईटन कॉलेज नावाला कॉलेज, पण आहे शाळा, 1440 साली स्थापन झालेली. 1940 मध्ये तिथे बॉम्ब पडला आणि शाळेच्या चॅपेलच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, बहुतेक काचा फुटल्या. युद्धानंतर पूर्वेकडच्या प्रचंड खिडकीचं काम शाळेने डब्लिनच्या एव्ही होन यांच्याकडे सोपवलं. लहानपणी पोलिओ झालेल्या होन पॅरिसमध्ये क्यूबिस्ट, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणारी, चित्रकला शिकल्या आणि काचेकडे वळल्या त्या चाळिशीच्या आसपास. 1952 मध्ये खिडकी पुरी झाली. वर क्रूसावरचा येशू, खाली शेवटचं भोजन. पुढे तीनच वर्षांनी होन गेल्या.

अशा खिडकीत ब्रशचं काम असतं ते डोळे, बोटं, कपड्यांच्या चुण्या यांच्या काळपट रेघांपुरतं. काचेची पूड आणि लोहाचं ऑक्साइड यांचा तो लेप भट्टीत भाजून पक्का करतात. बाकी रंग काचेच्या अंगातलाच. निळ्यासाठी वितळलेल्या काचेत चिमूटभर कोबाल्ट पुरतं.

लाल मात्र हट्टी. त्यासाठी काचेत सोनं किंवा तांबं घालतात आणि गंमत म्हणजे भट्टीतून निघते ती काच जवळजवळ बिनरंगी असते. तीच पुन्हा बेताने तापवली की लाली चढते. या दुसऱ्या आचेत विखुरलेले अणू एकमेकांना चिकटून दहा ते पन्नास नॅनोमीटरचे कण तयार होतात (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीने मावतील.

सोन्याच्या कणातले मुक्त इलेक्ट्रॉन बादलीतल्या पाण्यासारखे हिंदकळतात. भरली बादली घेऊन चालताना पावलांची आणि पाण्याची लय जुळली की पाणी सांडतं ना, तसंच इथे. हिरव्या प्रकाशाची लय, म्हणजे साधारण 530 नॅनोमीटर तरंगलांबी, या हिंदकळण्याशी जुळते. हिरवा शोषला जातो, लाल पार जातो. नेमकं सांगायचं तर धातूचा परावैद्युतांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती दाद देतो त्याचं माप) भोवतालच्या माध्यमाच्या उणे दुप्पट होतो तिथे ही लय जुळते. म्हणून तोच कण पाण्यात ठेवला तर रंगाची छटा किंचित बदलते. (हे वाक्य डोक्यावरून गेलं असेल तर खुशाल सोडा, पण मला ते फार आवडतं.) इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने 1857 मध्ये सोन्याच्या अशाच कणांची माणकासारखी लाल द्रावणं केली होती. तांब्याचं गणित आणखी गुंतागुंतीचं, पण गडद लाल देतं ते तांबंच.

लाल बाटलीतलं पाणी उन्हात ठेवलं की औषधी होतं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की काच प्रकाश गाळते. पाण्यात काही घालत नाही.

आता मित्राचा प्रश्न. कापडाचा रंग विटतो, कारण उन्हाने रंगद्रव्याच्या रेणूंतले बंध तुटतात. इथे काचेत कोंडलेले धातूचे कण आहेत, त्यांत तुटायला तसे बंधच नाहीत. अडचण उलटीच आहे. तांब्याची लाली इतकी दाट असते की खिडकीच्या काचेइतक्या जाडीला ती काळी दिसेल. म्हणून कारागीर साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवून फुंकतात. असा तुकडा फुटलाच तर त्याची कड पाहावी: जाड बिनरंगी काचेवर सायीएवढी लाल रेघ दिसते.