व्हेल म्हणताना दात लावायचे का?

आमची शाळा रत्नागिरी तालुक्यातली, खाडीच्या अगदी काठावर. परवा सहावीच्या वर्गात फळ्यावर दोन इंग्रजी शब्द लिहिले. एक 'वेट', म्हणजे ओला. दुसरा 'व्हेट', म्हणजे गुरांचा डॉक्टर. दोन्ही मोठ्याने वाचून दाखवले. मग फळा पुसला, एकच शब्द उच्चारला आणि विचारलं, "कुठला?" निम्मा वर्ग इकडे, निम्मा तिकडे. पुन्हा दोन्ही म्हटले, तर मागच्या बाकावरचा एक जण वैतागला, "बाई, तुम्ही दोन्ही वेळी तेच बोललात!"

याच मुलाला खाडीत शिरणारी होडी कुणाची, ते न बघता नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगता येतं. त्याच्या कानात दोष नक्कीच नाही.

अडचण आपल्या 'व'ची आहे. इंग्रजीत 'वेट'ला ओठांचा चंबू होतो, शीळ घालताना होतो तसा. 'व्हेट'मध्ये वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि फटीतून हवा घासत जाते. आपला 'व' या दोहोंच्या मधला. ओठ दातांच्या जवळ जातो, पण घासत नाही. 'वारा' किंवा 'वाळू' आरशासमोर म्हणून बघा. मराठीला इथे एकच खण पुरतो, त्यामुळे दोन्ही इंग्रजी आवाज त्याच खणात जाऊन पडतात. निकोलाय त्रुबेत्स्कॉय या भाषाशास्त्रज्ञाने यासाठी चाळणीची उपमा वापरली होती: परकी भाषा आपण आपल्याच भाषेच्या चाळणीतून ऐकतो.

ही चाळण फार लवकर विणली जाते. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, की लगेच खेळणं दिसणार, अशी युक्ती होती. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांनाही तो जड जातो. आपलं साधं 'ताट' घ्या: जीभ आधी दातांना लागते, मग मागे वळते. त्यांच्या कानाला दोन्ही अक्षरं सारखीच. बाळाचा कान बिघडत नाही. कुठला फरक आपल्या घरात कामाचा नाही, एवढं तो शिकून घेतो.

इंग्रजांचा स्वतःचा 'ट' तर आपल्या 'त' आणि 'ट' यांच्या मधोमध, दातांमागच्या हिरडीवर. आपण तो बहुतेक वेळा 'ट'मध्ये टाकला: टेबल, बाटली. पण 'तिकीट' बघा. एकाच शब्दातले दोन सारखेच आवाज, एक गेला 'त'च्या खणात, दुसरा 'ट'च्या. मला हा शब्द फार आवडतो.

चाळणीचा फायदाही असतो. १९६४ साली लिस्कर आणि अब्रामसन या संशोधकांनी अकरा भाषांतले 'प', 'त', 'क' यांसारखे आवाज मोजले, त्यांत मराठीही होती. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'नंतर कंठ थरथरू लागायला साधारण ६० मिलिसेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात हवेचा झोत बाहेर पडतो. आपल्या 'प'ला तो थांबा जवळपास नसतोच. इंग्रज माणूस 'पेन' म्हणतो तेव्हा तोंडासमोर धरलेली कागदाची पट्टी हलते, आपण म्हणतो तेव्हा हलत नाही. 'पळ' आणि 'फळ' यांत फरक करत वाढलेल्या मुलांना हा झोत लगेच ऐकू येतो. खुद्द इंग्रजांना तो दाखवून द्यावा लागतो.

मग 'वेट' आणि 'व्हेट'चं काय करायचं? अकरा वर्षांची चाळण मोडता येत नाही, पण तिला नवं भोक पाडता येतं. अमेरिकेत १९९१ साली जपानी माणसांना 'र' आणि 'ल' ओळखायला शिकवलं गेलं. हा फरक जपानीत नाही. गुरुकिल्ली अशी होती की शब्द एकाच माणसाच्या नव्हे, अनेकांच्या आवाजात ऐकवायचे आणि प्रत्येक उत्तरानंतर चूक की बरोबर ते तिथल्या तिथे सांगायचं. पुढच्या प्रयोगांत तर नुसतं ऐकूनच उच्चारही सुधारलेले दिसले.

इथे माझी चूक मला कळली. माझी मुलं वर्षभर इंग्रजी ऐकतात ती फक्त माझ्या तोंडून. आपल्याकडे २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, पण आमच्या वर्गात तिचा आवाज एकच. म्हणून मी ओळखीपाळखीच्या माणसांकडून फोनवर शब्द म्हणवून घेतले आणि रोज पाच मिनिटं 'कुठला?' हा खेळ सुरू केला. बोलायचं नाही, फक्त बोट दाखवायचं.

जोडीला एक युक्तीही काढली. मराठीत 'वा' आणि 'व्हा' वेगळे आहेतच, तेव्हा जिथे 'व्ह' दिसेल तिथे दात लावा. व्हॅन, व्हिटॅमिन, व्हेट. मी खूश होते. दोन दिवसांनी पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला, "बाई, मग व्हेल म्हणताना पण दात लावायचे?"

माझी बोलतीच बंद. 'व्हेल', 'व्हाइट', 'व्हॉट' हे आपण इंग्रजी स्पेलिंगमधला 'एच' डोळ्यांनी पाहून लिहितो. बहुतेक इंग्रजी बोलणारे आज तिथे नुसता चंबू करतात, दात कुठेच नाहीत. म्हणजे देवनागरीतला एकच 'व्ह' दोन वेगळ्या आवाजांना जुंपलेला, आणि माझी युक्ती अर्धीच खरी. ते मी वर्गाला तसंच सांगितलं: व्हेलला दात लावायचे नाहीत.

२०२३च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू अडकलं होतं, तेव्हापासून या मुलांना देवमाशांबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, "नसतातच बाई. निळ्या देवमाशाला दात कुठे, झालर असते."