सायनसमधला चिवट थर

अँटिबायोटिक सुरू झालं की चार दिवसांत नाक मोकळं होतं, गालातला ठणका ओसरतो. कोर्स संपून महिना उलटत नाही तोच पहिले पाढे पंचावन्न. लक्षणं 12 आठवड्यांहून जास्त टिकली की सायनसचा, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचा, आजार जुनाट समजतात, आणि अशा रुग्णांना हे चक्र सवयीचं असतं. वर आणखी एक कोडं: नाकातला स्राव कल्चरला, म्हणजे जीवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, पाठवला तर कित्येकदा त्यात काही वाढतच नाही.

दोन्हींमागे बायोफिल्म, म्हणजे जीवाणूंचा चिकट थर, असू शकते. जीवाणू म्हटलं की एकेकटे तरंगणारे ठिपके डोळ्यांपुढे येतात, पण निसर्गात ते बहुधा पृष्ठभागाला चिकटून, थर करून राहतात. दातांवर साचणारी कीटण हा त्यातलाच प्रकार. सूक्ष्मदर्शकातून जीवाणू पाहणाऱ्या डच लेव्हेनहूकने सतराव्या शतकातच ती भिंगाखाली पाहिली होती. सायनसच्या अस्तरावरचे असे थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला मात्र 2004 च्या आसपासचा काळ उजाडावा लागला.

एकदा चिकटले की जीवाणू स्वतःभोवती शर्करा, प्रथिनं आणि चक्क डीएनए यांचा बुळबुळीत लगदा तयार करतात. थराच्या तळाशी ऑक्सिजन आणि अन्न तोकडं पडतं, म्हणून तिथले जीवाणू जवळपास निपचित असतात. पेनिसिलिनच्या गटातली औषधं जीवाणू वाढताना, नवी पेशीभित्ती रचताना घाव घालतात. जो वाढतच नाही, त्याचं ती काय बिघडवणार? सुटे जीवाणू मरतात, रुग्णाला बरं वाटतं, आणि तळातून नवी भरती होते. गंमत म्हणजे हाच जीवाणू थरातून सुटा करून प्रयोगशाळेत तपासला, तर त्याच औषधाने मरतो. रिपोर्ट चुकीचा नसतो, तरी रुग्ण बरा होत नाही. स्वॅबवर मुख्यतः सैल जीवाणू येतात आणि निपचित पडलेले कल्चरमध्ये सहज वाढत नाहीत, म्हणून कल्चरचा रिपोर्ट कित्येकदा कोरा येतो.

सायनसच का? गालामागच्या सायनसचं तोंड वरच्या बाजूला असतं. आतला शेंबूड सूक्ष्म केसांना, म्हणजे पक्ष्माभिकांना, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर लोटावा लागतो. सूज आली की तोंड बुजतं, पक्ष्माभिका झडतात, आणि थराला निवांत जागा मिळते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूचे थर विशेष त्रासदायक. त्याची विषद्रव्यं प्रतिकारशक्तीला नको तितकी चिथावतात, आणि हे थर असलेल्यांना शस्त्रक्रियेनंतरही कमी गुण येतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

तरीही सगळा दोष बायोफिल्मवर टाकणं मला घाईचं वाटतं. निरोगी माणसांच्या सायनसमध्येही ती कधीकधी सापडली आहे. सूज थराला पोसते आणि थर सुजेला, असं म्हणणं जास्त खरं.

म्हणूनच आणखी ‘जोरदार’ गोळीचा हट्ट फारसा कामाचा नाही. मिठाच्या भरपूर पाण्याने नाक धुणं आणि स्टेरॉइडचा फवारा हे साधे उपायच पाया आहेत. पाणी मात्र उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड हवं, कारण साध्या नळाच्या पाण्यातून क्वचित जीवघेणा अमीबा नाकात जाऊ शकतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने तोंडं रुंद केली की हे धुणं आतवर पोचतं. पाण्यात सौम्य बेबी शॅम्पू मिसळूनही पाहिला गेला. तो खाऱ्या पाण्याहून सरस ठरला नाही, त्रास मात्र जास्त झाला. जीवाणूंना खाणारे विषाणू, म्हणजे फाज, नाकात सोडण्याची एक छोटी चाचणी ऑस्ट्रेलियात झाली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत हा उपाय सुरक्षित दिसला. तो किती गुणकारी आहे, हे मोठ्या चाचण्यांतूनच कळेल.