मिठाला पाणी सोडणारा शेजारी

मे महिन्यात गोव्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या बेगमीची, धांदल सुरू झाली की मिठागरातले जाडे मीठही घरात येते. जूनच्या पावसात तेच मीठ बरणीत पाझरू लागते, कधी कडवटही लागते. दोष सोडियम क्लोराइडचा, म्हणजे खाण्याच्या मिठाचा, कमी, सोडियमच्या शेजाऱ्याचा, मॅग्नेशियमचा, जास्त.

आवर्तसारणीत सोडियम ११व्या घरात, पहिल्या उभ्या रांगेत. बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तोही द्यायला तयार. १७व्या घरातल्या क्लोरीनला नेमका एक कमी पडतो. एकास एक हिशेब मिटला, म्हणून सूत्र एनएसीएल. (एनए हे लॅटिन नॅट्रियमवरून.) १२व्या घरातल्या मॅग्नेशियमकडे असे दोन इलेक्ट्रॉन असतात, त्याला दोन क्लोरीन लागतात: एमजीसीएल२. खाली बारीक लिहिलेला आकडा फक्त त्याच्या लगेच आधीच्या चिन्हाला लागू होतो. चिन्हातले दुसरे अक्षर लहानच हवे. सी-ओ मधला ओ लहान लिहिला तर कोबाल्ट, मोठा लिहिला तर कार्बन मोनॉक्साइड!

आता आगरवाडोच्या मिठागरात या. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतले खाण्याचे मीठ साधारण २७ ग्रॅम. ऊन लागून पाणी आटते तसा आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो. पाणी पाचव्या हिश्श्याच्या आसपास आले की जिप्सम, म्हणजे पाणी धरलेले कॅल्शियम सल्फेट: सीएएसओ४·२एच२ओ. इथे एच२ओच्या आधीचा मोठा २ म्हणजे पाण्याचे दोन अख्खे रेणू, स्फटिकातच अडकलेले. जेमतेम दहावा हिस्सा उरला, घनता २५ अंश बोमेच्या (बोमे हे खाऱ्या पाण्याची घनता मोजायचे माप) पुढे गेली, की मिठाचे स्फटिक धरू लागतात. म्हणून पाणी एका कोंडीतून, म्हणजे मिठागरातल्या उथळ वाफ्यातून, दुसरीत फिरवायचे, जिप्सम आधीच्याच कोंडीत मागे राहतो. मॅग्नेशियमचे क्षार मात्र शेवटपर्यंत विरघळलेलेच. साधारण ३० बोमेला उरलेले पाणी सोडून द्यायला हवे. पाऊस तोंडावर आला म्हणून ते कोंडीतच आटवले, की कडवटपणा मिठात उतरतो. (करडा रंग वेगळा, तो कोंडीतल्या चिखलाचा.)

शुद्ध मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच पाणी ओढते. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात. पावसाळ्यात तर दोन्ही ओलांडलेलेच, पण मॅग्नेशियमवाले मीठ उन्हाळ्यातही ओलसर राहते.

उपाय सोपा आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ३६ ग्रॅमपेक्षा थोडे जास्त मीठ घालून ढवळा. तळाला कण उरले की द्रावण संपृक्त झाले. वरचे नितळ द्रावण घेऊन त्यात जाडे मीठ झटपट खळबळा, चाळणीत निथळा, उन्हात वाळवा. हे द्रावण आणखी मीठ विरघळवू शकत नाही, मॅग्नेशियम मात्र धुऊन नेते. साध्या पाण्याने धुतले तर मीठच वाहून जाते. तव्यावर भाजणे तात्पुरते: पाणी उडते, मॅग्नेशियम तिथेच राहते, आणि बरणी उघडली की पुन्हा हवेतले पाणी ओढू लागते.